आमच्या गल्लीतली वीज जाऊ द्या

नागपूरची वीज तेव्हा एका खाजगी कंपनीच्या हातात होती. साठच्या दशकातली पहिली वर्षं. कंपनी शहरात एकच. खांब तिचे, तारा तिच्या, मीटर तिचं, आणि मीटर फार पळतंय अशी तक्रार करायची तर रांगही तिच्याच खिडकीसमोर लावायची. दुसऱ्या कोणाकडून वीज घेतो म्हणायची सोय नव्हती. रागच आला तर कंदील लावता येत होता.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि मक्तेदारीचा धडा मला तोंडपाठ होता. फळ्यावर दोन रेषा काढून मक्तेदार ग्राहकाला कसा नाडतो ते मी दरवर्षी दाखवायचो. मग सरकारनं लगाम घातला की भाव कसा खाली येतो, हे दाखवायला तिसरी रेषा काढायचो. ती रेषा खडूनं एका झटक्यात खाली यायची. मुलं उतरवून घ्यायची, घंटा व्हायची, आणि मी हात झटकून स्टाफरूममध्ये चहा प्यायला जायचो.

आम्ही गांधीबागेजवळच्या एका गल्लीत भाड्यानं राहत होतो. घरमालक कापडाचे व्यापारी. त्यांना सगळी गल्ली काकाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. ते खाली राहत, आम्ही नवराबायको वर. त्या वर्षी कंपनीनं दर वाढवून मागितले आणि सरकारनं एक समिती नेमली. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश, हिशेब तपासायला एक सरकारी अधिकारी, आणि ग्राहकांचा म्हणून एक प्रतिनिधी. हा प्रतिनिधी व्यापाऱ्यांनी सुचवायचा होता. त्यासाठीची बैठक काकाजींच्या दुकानात गादीवर भरली. मी त्यांचं वर्तमानपत्र परत करायला गेलो होतो, तर त्यांनी मला बसवूनच घेतलं.

एक वकील होते, पण कंपनीचे खटले तेच चालवत होते. एक तेलगिरणीवाले होते, त्यांचा नव्या कनेक्शनचा अर्ज कंपनीकडे पडून होता, त्यामुळे त्यांना एकाएकी खोकला सुरू झाला. सगळे एकमेकांकडे बघू लागले तेव्हा काकाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे आमचे मास्तर हायेत ना. इंग्रजी बोलते, अन् दुपारी घरीच राह्यते."

या दोन गुणांवर माझी निवड झाली. कोणीही विरोध केला नाही. मला मात्र वाटलं, शहरानं माझी विद्वत्ता ओळखली. घरी जाताना मी कागदपत्रांसाठी एक चामडी बॅग विकत घेतली. बायकोनं ती उघडून पाहिली आणि विचारलं, "यात काय ठेवणार?" मी म्हटलं, "पुरावे." पहिल्या बैठकीला मी तिच्यात डबा नेला.

कायदा असा होता की कंपनीनं धंद्यात जितकं भांडवल गुंतवलं असेल, त्यावर तिला ठरावीक टक्के नफा घ्यायची मुभा. म्हणजे भांडवल जितकं फुगवून दाखवाल तितका नफा हक्कानं फुगणार. ही मेख माझ्या बरोबर लक्षात आली होती, आणि त्याचा मला फार अभिमान होता. भांडवलात कंपनीनं खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर यांच्याबरोबर मॅनेजरचा बंगला आणि त्याची बागही धरली होती. मी उभा राहून कडाडलो, "मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यातले गुलाब नागपूरच्या गोरगरीब ग्राहकांनी का पोसायचे?"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी हे वाक्य वर्तमानपत्रात छापून आलं.

मॅनेजर हे अतिशय सभ्य गृहस्थ. बारीक आवाजात बोलायचे, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचे. ही सवय नागपुरात मी दुसऱ्या कोणात पाहिलेली नाही. ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेबांनी एकदा बाग बघून जावी." न्यायाधीशांनी तशी परवानगी दिली. मी बॅग घेऊन गेलो. बंगल्याला गुलाब नव्हते. कुंपणाला लागून कण्हेर होती, तीही उन्हानं करपलेली. तरी आरोप केलाच आहे तर तडीस न्यावा म्हणून मी कुंपणाच्या कडेनं कण्हेरीची झाडं मोजत हिंडत राहिलो. इकडे माझ्या गैरहजेरीत समितीपुढे नव्या ट्रान्सफॉर्मरांच्या खरेदीचा विषय निघाला आणि चर्चा न होता मंजूर झाला. खरा पैसा तिथेच होता, हे मला नंतर सरकारी अधिकाऱ्यांनी सांगितलं. सांगताना ते अगदी गंभीर राहिले, एवढी त्यांची मेहेरबानी.

बागेच्या खर्चाचा मुद्दा मात्र मी जिंकलो. कण्हेर भांडवलातून वगळली गेली.

त्या उन्हाळ्यात शहराला वीज पुरत नव्हती. कंपनी संध्याकाळी पाळीपाळीनं एकेका भागाची वीज बंद करायची. पाळी कोणाची, कधी, हे आधी कोणालाच माहीत नसायचं. गांधीबागेच्या कापडबाजारात दुकानंच्या दुकानं अंधारात जायची आणि गिऱ्हाइकं साडीचा रंग बघायला ती घेऊन रस्त्यावर यायची. समितीकडे दराबरोबर पुरवठ्याच्या तक्रारीही होत्या, तेव्हा त्यावरही मी आवाज चढवला. आणि आश्चर्य म्हणजे दुसऱ्या आठवड्यापासून वीज जाणं थांबलं.

मी खूश झालो. वर्गात मुलांना म्हणालो, "नियंत्रण म्हणजे काय, याचं उदाहरण पुस्तकात शोधू नका. घरी दिवा लावून पाहा." मुलं एकमेकांकडे पाहून हसली. मला वाटलं, कौतुकानं हसताहेत. स्टाफरूममध्येही मी हेच ऐकवलं, तेव्हा महाल भागात राहणारे एक सहकारी म्हणाले, "आमच्याकडे काल दोनदा गेली." मी त्यांना म्हटलं, "तुमच्या घरचं वायरिंग तपासून घ्या."

पण असे वायरिंग तपासण्यासारखे लोक रोज नवे भेटू लागले. शेवटी एका संध्याकाळी मी फिरायला म्हणून बाहेर पडलो. आमच्या गल्लीत दिवे लखलखत होते, काकाजींच्या खिडकीत कूलर घरघरत होता. गल्लीत कूलर तेवढा एकच. गल्ली संपली, मी मोठ्या रस्त्यावर आलो, आणि तिथून पुढे सगळा अंधार. मागे वळून पाहिलं तर आमची गल्ली एखाद्या लग्नघरासारखी दिसत होती.

मी तसाच परत फिरलो. काकाजी ओट्यावर बसले होते.

"काकाजी, आपल्याकडेच फक्त लाइट कशी काय?"

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. "काहून जी मास्तर, तुमाले माहीत नाही? आपली गल्ली दवाखान्याच्या लाइनवर टाकली ना. दवाखान्याची लाइट जातच नाही."

"कोणी टाकली?"

"कंपनीनं. तुमच्याचसाठी तं टाकली. अख्ख्या गल्लीले माहीत हाये. आमी म्हटलं, मास्तरनंच सांगितलं असन, पण मोठा माणूस, बोलून नाही दाखवत." आणि मग आवाज खाली आणून, "तुमीबी बोलू नका कोणाले."

म्हणजे एवढे दिवस सगळी गल्ली माझ्याकडे आदरानं बघत होती तो आदर कसला, ते मला तेव्हा कळलं. वाण्याकडे मला रांगेत उभं राहावं लागत नव्हतं, ते काही माझ्या भाषणांमुळे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेलो. खुर्चीत बसायच्या आत म्हटलं, "हे ताबडतोब काढा."

त्यांनी नेहमीप्रमाणे माझं संपू दिलं. "आपल्या भागातली जुनी केबल तापत होती. तिच्यावरचा भार कमी करायला आम्ही दोनचार गल्ल्या दुसऱ्या लाइनवर घेतल्या."

"नेमकी माझीच गल्ली?"

"कोणाची तरी असणारच ना." मग अतिशय सौजन्यानं, "मी आपल्याला काही देऊ केलं का? आपल्याकडे काही मागितलं का?"

दिलं नव्हतं, मागितलंही नव्हतं. लाच नाकारण्याचं एक बाणेदार भाषण मी सायकलवर येताना तयार केलं होतं. पण समोर लाचच नव्हती, होतं ते थंड लिंबाचं सरबत. आणि केबल तापते म्हणजे नेमकं काय होतं हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे "तापत नव्हती" असंही म्हणता येईना. सरबत पिऊन मी परत आलो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती टेबलफॅनसमोर बसून भाजी निवडत होती. पंख्यापुढे तिनं खसचा ओला पडदा बांधला होता आणि त्याचा वास खोलीभर होता.

"आता काय करणार?" तिनं विचारलं.

"समितीपुढे मागणी करणार. आमची वीजसुद्धा इतरांसारखीच जाऊ द्या."

तिनं पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही ग्राहकांचे प्रतिनिधी ना?"

"हो."

"मग मी कोण आहे?"

मी म्हटलं, "तत्त्वाचा प्रश्न आहे." ती म्हणाली, "तत्त्वाला घाम येत नाही," आणि भाजी घेऊन आत गेली.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. बागेच्या वेळी झालो होतो त्यापेक्षाही जास्त गंभीर झालो. म्हटलं, "अध्यक्षमहाराज, शहर अंधारात असताना माझ्या गल्लीत उजेड असणं मला लाजिरवाणं वाटतं. माझी मागणी आहे की आमच्या गल्लीतली वीज इतरांप्रमाणेच जावी." मला वाटलं, आता मॅनेजर अडकले. ते शांतपणे उठले आणि म्हणाले, "वीजकपात सर्वांना सारखी लागू करणं न्याय्य आहे, हे ग्राहकांच्या प्रतिनिधींनी स्वतः मान्य केलं, याबद्दल कंपनी त्यांची आभारी आहे. याची नोंद घ्यावी."

नोंद घेतली गेली. कपात मुळात का व्हावी, हा शहराचा प्रश्न होता. ती सर्वांना सारखी हवी, हे माझं उत्तर झालं. मी काहीतरी दुरुस्ती सुचवायला तोंड उघडलं, तोवर न्यायाधीशांनी चहाची सुटी जाहीर केली.

सकाळी वर्तमानपत्रात मथळा होता: "आमची वीज तोडा: ग्राहक प्रतिनिधीची मागणी." काकाजींकडे ते वर्तमानपत्र माझ्या आधी यायचं. मी दात घासत होतो तेव्हाच जिन्यावर पावलं वाजली. काकाजी, त्यांच्या पत्नी ज्यांना आम्ही काकी म्हणायचो, आणि मागे गल्लीतल्या बऱ्याच बाया. आमच्या खोलीत एवढी माणसं पूर्वी कधी मावली नव्हती.

"हे काय करून राहिले जी तुमी?" काकाजींनी वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं. "लोक लाइट ये म्हणून भांडते. तुमी लाइट जा म्हणून भांडून राहिले!"

"काकाजी, आपल्याला मिळते ती सवलत अन्यायाची आहे."

"अन्याय कोणावर झाला? दवाखान्यात कोणी मेला का आपल्यापायी?"

मी म्हटलं, "पण बाकीचं शहर..."

"बाकीच्या शहरानं आपआपला मास्तर पाहावा ना!" काकाजी म्हणाले. यावर मागून इतक्या जोरात "हो ना" आलं की मी टॉवेलनं तोंड पुसू लागलो.

काकी माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्या सरळ बायकोकडे वळल्या. "तुले कसं चाललं वं हे? घरात बोलत नाही का याहीसोबत?"

बायको म्हणाली, "बोलते ना काकी. पण त्यांचं तत्त्व आहे."

"असं का," काकी म्हणाल्या. एखाद्याला मूळव्याध आहे म्हटल्यावर बायका जसा चेहरा करतात तसा चेहरा करून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

त्याच आठवड्यात कंपनीची माणसं शिडी घेऊन आली आणि गल्ली जुन्या लाइनवर गेली. माझी कुठलीही मागणी कंपनीनं इतक्या तत्परतेनं मान्य केली नव्हती. पहिल्या संध्याकाळी दिवे गेले तेव्हा खालच्या कूलरचा आवाज घरघरत घरघरत बंद पडला आणि सगळी गल्ली एकदम शांत झाली. त्या शांततेत काकाजींचा आवाज आला, "झालं समाधान?" मी वर अंधारात बसलो होतो. समाधान झालं नव्हतं, घाम मात्र भरपूर आला होता. बायको पुठ्ठ्यानं वारा घेत होती, आणि पुठ्ठा माझ्या बाजूला अजिबात येत नव्हता.

शेवटी समितीचा अहवाल आला. कंपनीला दरवाढ मिळाली, मागितली त्यापेक्षा थोडी कमी. ती थोडी कमी माझ्या कण्हेरीमुळे झाली की सरकारी अधिकाऱ्यांनी निमूटपणे केलेल्या तपासणीमुळे, याची मी चौकशी केली नाही. माझी म्हणावी अशी एकच शिफारस त्यात होती: वीज कुठल्या भागात कधी बंद राहील, याचं वेळापत्रक कंपनीनं वर्तमानपत्रात आधी छापावं. शेवटच्या बैठकीत दुसरं काही सुचेना, म्हणून मी ते बोललो होतो. न्यायाधीशांना ते पटलं आणि मॅनेजरांनी हरकत घेतली नाही.

आणि हीच गोष्ट उपयोगी पडली. वेळापत्रक छापून येऊ लागलं आणि बहुतेक वेळा पाळलंही जाऊ लागलं. पिठाची गिरणी त्याप्रमाणे चालू लागली. गांधीबागेतली दुकानं अंधाराच्या वेळात माल लावून घेऊ लागली. काकाजी, जे कित्येक दिवस माझ्याशी बायकोमार्फत बोलत होते, ते एका सकाळी स्वतः वर आले. त्यांच्या मुलीचा साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला होता. हातात पंचांग होतं आणि वर्तमानपत्रही होतं.

"मास्तर, महाराजनं मुहूर्त काढला तो, अन् कंपनीनं काढला हा. दोन्ही एकाच टायमाले येऊन राहिले. तुमचा तो मॅनेजर... थोडंसं मागंपुढं नाही होणार का?"

मी म्हटलं, "काकाजी, मला तसं सांगता येणार नाही. तुम्हीच विचार करा, मी कसं सांगू?"

"हो, ते तत्त्व," काकाजी म्हणाले, आणि पेट्रोमॅक्स भाड्यानं आणायला निघून गेले.

साक्षगंधाच्या संध्याकाळी ओट्यावर दोन पेट्रोमॅक्स तयार ठेवले होते. मुहूर्त आला. मुलीच्या कपाळी कुंकू लागलं, साडीचोळी दिली, अंगठी झाली, आणि दिवे गेलेच नाहीत. आजूबाजूच्या गल्ल्यांतही गेले नाहीत. मी घड्याळ पाहिलं, वर्तमानपत्र पाहिलं. वेळापत्रक चुकलं होतं.

काकाजींनी भर मांडवात माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बोलले नाही, पण केलं तुमी."

"काकाजी, शपथेवर सांगतो, मी काही केलं नाही."

"मालूम हाये," ते म्हणाले आणि डोळा मिचकावला. मी जितकं नाकारलं तितका त्यांचा विश्वास वाढत गेला. मला व्याह्यांच्या शेजारी बसवलं, पंगतीत बुंदीचे लाडू दोनदा वाढले. व्याह्यांनी विचारलं, आपण वीज कंपनीत आहात का? मी नाही म्हटलं, पण तोंडात लाडू असल्यामुळे ते नीट ऐकू गेलं नसावं. त्या संध्याकाळी कंपनीत काय झालं, कोणी मुद्दाम केलं की कोणाची पाळी चुकली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. मॅनेजर "आपल्यासाठी" म्हणाले असते तर मी काय करणार होतो? लाडू पचलेले होते.

पुढे काही वर्षांत कंपनीचा कारभार संपला आणि वीज सरकारी मंडळाकडे गेली. मी वर्गात त्याचंही स्वागत केलं. मक्तेदार गेला, आता जनताच मालक, असं काहीतरी म्हणालो. पाट्या बदलल्या, खिडकी तीच राहिली. पूर्वी कंपनीवर लक्ष ठेवायला सरकार समिती तरी नेमत होतं. आता सरकारनं स्वतःवर कोणाला नेमायचं? मला कोणी बोलावलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी थोडी वाट पाहत होतो.

ऐंशी सालाच्या सुमाराला, भर मे महिन्यात, आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. मंडळाची माणसं येऊन पाहून गेली आणि पुन्हा फिरकली नाहीत. गल्लीनं ठरवलं, सगळ्यांनी मिळून साहेबाकडे जायचं. मी आतून कोट काढला. चामडी बॅग मात्र केव्हाच कांदे ठेवायला गेली होती. खाली गेलो तेव्हा काकाजी, आता काठी टेकत चालणारे, ओट्यावर उभे राहून माणसं ठरवत होते.

"मास्तरले नका घेऊ," ते म्हणत होते. "ते तत्त्वावर जाते. बाईले घ्या."

बायकोनं पदर खोचला आणि ती गेली. बरोबर काकी आणि सातआठ बाया. मी घरी राहिलो, कारण दूध तापायचं होतं. दुपार टळली तेव्हा गल्लीत ट्रकचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं, तर नवा ट्रान्सफॉर्मर उतरत होता आणि मागून बाया हसत येत होत्या.

बायको वर आली, पंख्याचं बटण दाबून पाहिलं, आणि भिंतीला टेकून बसली. मी विचारलं, "काय मुद्दा मांडलास साहेबांपुढे?"

"मुद्दा कसला? त्यांच्या खोलीत जाऊन बसलो सगळ्याजणी. म्हटलं, तुमच्याकडे पंखा चालतोय, आमच्याकडे नाही, लाइट येईपर्यंत इथेच बसतो. काकींनी तर शेंगा सोलायला घेतल्या."

"आणि साहेब काय म्हणाले?"

"आधी नियम सांगत होते. मग शेंगांची टरफलं वाढायला लागली तसे उठले आणि फोन केला." तिनं पाय पसरले. "चहा टाकता का जरा? दूध ठेवलंय ना तापवून?"

दूध उतू गेलं होतं. मी उरलेल्या दुधात दोन कप चहा टाकला.